मारोतरावांनी पास केलेलं

नांदेडच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा आम्ही फ्रीज घ्यायचं ठरवलं. मी विज्ञानाचा शिक्षक. चार दिवस मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचले, कुठला किती वीज खातो त्याचा तक्ता केला, एक मॉडेल नक्की केलं आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तसं जाहीर करून टाकलं. मॉडेलचं नाव कुणीही विचारलं नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "मारोतरावांना सांगितलं का?"

मारोतराव म्हणजे आमचे हेडक्लार्क. तोवर माझा त्यांचा संबंध पगारपत्रकावर सही करण्यापुरता होता. बुटकेसे, सावळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पँट सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाला क्लिप लावलेली असायची आणि ती काढायला ते दिवसभर विसरायचे. फ्रीजचा आणि या माणसाचा काय संबंध, हे मला कळेना. पण नव्या माणसाने फार प्रश्न विचारू नयेत म्हणून मी त्यांना सांगितलं. ते "हाव, येतो की" म्हणाले आणि पुन्हा टिपणात डोकं घातलं.

संध्याकाळी वजिराबादेत बालाजीशेठच्या विजेच्या सामानाच्या दुकानापाशी ते सायकलवरून आले. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मला विचारलं, "घरी पाव्हणं किती येतेत?" मी म्हटलं, फारसे नाहीत. "मग ल्हानच घेऊ. उगी रिकामं पोट घेऊन मोटार पळत ऱ्हाती."

आम्ही आत पाऊल टाकलं आणि एक गोष्ट झाली, ती मी अजून विसरलो नाही. बालाजीशेठ गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी दुकानातला पंखा बंद केला. मग भिंतीवरचे सगळे टीव्ही एकेक करून बंद झाले. बाकीची गिऱ्हाइकं इकडे तिकडे बघू लागली. दुकान चिडीचूप झालं, आणि मारोतराव माझ्या फ्रीजमागे उकिडवे बसून त्याच्या पाठीला कान लावते झाले. डोळे मिटलेले. दोन मिनिटांनी त्यांनी हाताने खूण केली, तसा बालाजीशेठनी फ्रीज बंद केला. मारोतराव तसेच बसून राहिले. बंद पडलेल्या फ्रीजला कान लावून हा माणूस काय ऐकतोय, असं मला वाटलं.

"न्हाई," ते उठत म्हणाले. "दुसरं काढा."

त्याच मॉडेलचे तीन फ्रीज त्यांनी नापास केले. चौथा पास. मला राहवेना. म्हटलं, "अहो, एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेत हे."

"एका गाईची दोन वासरं सारखी निघतेत का, सर?"

"पण बंद केल्यावर काय ऐकता?"

"चालताना समदेच चांगले चालतेत. बघणारा आला की बैलसुदीक ताठ चालतंय. थांबताना कळतंय, गुडघ्यात काय हाय ते."

मारोतरावांचं गाव भोकरच्या पलीकडे. घरची शेती होती, पण वडलांचं नाव झालं होतं ते बैलांच्या पारखीमुळे. पंचक्रोशीत कुणाला जोडी घ्यायची असली की त्यांना सोबत न्यायचे. म्हातारा बैलाचे दात सगळ्यात शेवटी बघायचा. आधी त्याला चालवायचा, मग एकदम थांबवायचा आणि जमिनीवर टेकणाऱ्या खुराचा आवाज ऐकायचा. शेतात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मुलगा शिकून नांदेडला कारकून झाला. पण बापाची विद्या वाया घालवणं मुलाला जमलं नाही. त्याने ती मिक्सर, कूलर, पंखे, पाण्याच्या मोटारी आणि सायकलींना लावली.

बालाजीशेठशी त्यांचा एक करार होता. कागदावर काही नव्हतं. मारोतराव म्हणतील तेवढी खोकी फोडायची, आणि त्यांनी एकदा पास केलेल्या वस्तूची तक्रार घेऊन मारोतराव पुन्हा पायरी चढणार नाहीत. "पारखी माघारी जात नसतो, सर. जबान दिली की दिली." इतक्या वर्षांत त्यांच्यावर माघारी जायची वेळही आली नव्हती. आमच्या शाळेत नि आसपासच्या दोन-तीन गल्ल्यांत "मारोतरावांनी पास केलेलं हाय" म्हटलं की पुढे बोलणं होत नसे. या कामाचा ते एक कप चहाच तेवढा घेत, आणि तोही वस्तू पास झाली तरच. त्यांची सगळी पत त्या दोन कानांवर उभी होती.

मला हे पटत नव्हतं. माझा फ्रीज उत्तम चालला हे खरं, पण नापास झालेले तिन्हीही कुणाच्या तरी घरी उत्तम चालले नसतील कशावरून? मी एक प्रयोग केला. प्रयोगशाळेत दोन सारखे टेबलफॅन होते. एकाचा आतला स्क्रू मी गुपचूप सैल केला आणि मारोतरावांना बोलावलं. त्यांनी दोन्ही चालवून थांबवले, ऐकले, आणि माझ्याकडे बघून मिस्कील हसले. "ह्याच्यात तुमी कायतरी केलंय. पण सर, दुसरं बी ठेवू नका. ते मरणार हाय." सैल केलेला त्यांनी बरोबर ओळखला होता, म्हणून मी खूश झालो. दुसऱ्याचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. पुढच्या आठवड्यात नववीच्या तासाला त्या दुसऱ्या पंख्यातून धूर निघाला.

तेव्हापासून मी त्यांच्या मागेच लागलो. त्यांना नेमकं काय ऐकू येतं, हे मला शिकायचं होतं. कुणाची खरेदी निघाली की मी सोबत जायचो. ते फ्रीजला कान लावायचे, त्यांच्यानंतर मी लावायचो. मला घर्र ऐकू यायचं. "मधी बारीक खरखर हाय, ऐका." मला घर्र. "आता थांबताना बघा, दोनदा टेकतंय." मला पुन्हा घर्र. "ऱ्हाऊ द्या सर, तुमी भौतिकशास्त्र शिकवा," ते म्हणायचे.

बैलबाजाराचे बाकीचे नियमही त्यांनी सोडले नव्हते. बसलेलं जनावर घेऊ नये, म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेली वस्तू ते कधी घेत नसत. खाली काढा, तारा जोडा, मग बोलू. भाव करायची वेळ आली की बालाजीशेठ गल्ल्यातून एक रुमाल काढायचे, दोघं त्याखाली एकमेकांची बोटं धरायचे, तोंडाने एक अक्षर नाही, आणि अर्ध्या मिनिटात सौदा पक्का. बालाजीशेठसारख्या शहरात वाढलेल्या माणसाने ती बोटांची भाषा खास मारोतरावांकडूनच शिकून घेतली होती.

पण सगळ्यात अवघड नियम दाव्याचा होता. बैल विकताना त्याचं दावं, म्हणजे बांधायचा दोर, द्यायचं नाही. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं. दाव्यासकट बैल दिला तर घरची बरकत जाते. मारोतरावांनी आपला जुना टीव्ही धर्माबादच्या एका नातेवाइकाला विकला. तो माणूस टीव्ही गोधडीत गुंडाळून धर्माबादला घेऊन गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की रिमोट नाही. फोन केला. मारोतराव म्हणाले, "दावं देत नसतेत." त्याला वाटलं, हे थट्टा करतायत. तो दुसऱ्या रविवारी रिमोट घ्यायला परत आला, तर हे ठाम. शेवटी काकूंनी, म्हणजे मारोतरावांच्या पत्नीने, स्वयंपाकघराच्या दारातून तो रिमोट गुपचूप त्याच्या पिशवीत टाकला. बाकी विकलेल्या वस्तूंची अशी दावी मात्र भिंतीवरच्या खिळ्यांवर टांगलेली मी स्वतः पाहिली आहेत. चार रिमोट, मिक्सरची एक वायर आणि जुन्या सायकलची घंटी.

सायकलीवरून आमची खरी दोस्ती झाली. डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे आधी सामान घेतलं. एकवीस गिअरची सायकल, हेल्मेट, हातमोजे, पुढचा दिवा, मागचा दिवा, बाटली आणि आतून गादी शिवलेली चड्डी. मारोतरावांची सायकल काळी, जुनी, बिनगिअरची. पहिल्या सकाळी मुदखेड रस्त्याला निघालो तेव्हा त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. चड्डीपाशी नजर थांबली. गादी कशाला, ते मी समजावून सांगितलं.

"खोगीर घोड्याला घालतेत, सर. सवारालाच घातल्यालं पयल्यांदा बघून राहिलो."

पण गिअरचं त्यांना विलक्षण कुतूहल होतं. वाटेत चहाच्या टपरीवर त्यांनी माझी सायकल उलटी केली आणि तासभर गिअर बदलत बसले. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर चढते तेव्हा मधला एक क्षण ती कुठेच नसते, हे त्यांना फार आवडलं. "बघा, बघा, आत्ता ती कुणाचीच न्हाई," असं म्हणत त्यांनी टपरीवाल्यालाही बोलावून दाखवलं. परतताना ते माझ्या मागून येत होते. "तुमच्या मागल्या चाकात एक गोळी कोरडी हाय," ते ओरडले. खोलून पाहिलं तर खरंच बेअरिंगच्या एका बाजूला ग्रीस नव्हतं. चालत्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या सायकलवरून, एक गोळी! मी त्यांना मनोमन नमस्कार केला.

वर्षं गेली. माझी मुलं मोठी झाली, दुसरी सायकल आली, फ्रीजही बदलला. अर्थात मारोतरावांच्याच पसंतीने. ते निवृत्त झाले, तरी लोक घरी जाऊन त्यांना नेत. आणि ते हळूहळू बदलत गेले, असं आम्हाला वाटलं. पूर्वी कशालाही पटकन मान न हलवणारा हा माणूस आता सगळ्याला "हाव" म्हणू लागला. वय झालं की माणूस मऊ होतो, असं आम्ही म्हणत होतो. मुदखेड रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न वाजवत यायचे आणि हे बाजूला होत नसत. मी म्हटलं, हट्टी झालेत. विज्ञानाच्या शिक्षकाला समोरचं दिसू नये, याची मला आजही लाज वाटते.

आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाई होत्या. त्यांनी बचत गटातून कर्ज काढून घरगुती पिठाची चक्की घ्यायचं ठरवलं. त्यांच्या गल्लीत चक्की नव्हती, बायकांना डबे घेऊन लांब जावं लागे. खिचडीच्या मानधनात दोन मुलींचं शिक्षण होत नव्हतं आणि चक्की चालली तरच थोरलीचं नर्सिंग होणार होतं. साहजिकच त्या मारोतरावांकडे गेल्या. मीही नेहमीसारखा सोबत होतो.

बालाजीशेठनी पंखा बंद केला, टीव्ही बंद केले. चक्की सुरू झाली. मारोतराव खाली बसले, कान लावला, डोळे मिटले. हाताने खूण केली, चक्की थांबू लागली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला घर्रच्या पलीकडचं काहीतरी ऐकू आलं. थांबताना शेवटी शेवटी एक बारीक, वरच्या पट्टीतली कुई. अगदी स्पष्ट. मला आनंदच झाला, की आपला कान तयार झाला! आता मारोतराव "न्हाई" म्हणणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं.

ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बेस हाय. उचल, सुमन."

मी काही बोललो नाही. मला वाटलं, ही कुई चांगली असेल. मला काय कळतंय?

तीन आठवड्यांनी ती चक्की भर सकाळी किंचाळून बंद पडली. त्या दिवशी मी सुमनबाईंकडे गेलो तेव्हा दारात डब्यांची रांग होती. ज्वारीचे, गव्हाचे, प्रत्येकावर चिठ्ठी. माझ्यासमोर दोन बायका आल्या आणि काही न बोलता आपापले डबे उचलून घेऊन गेल्या. मी म्हटलं, वॉरंटी आहे, दुकानात सांगा. सुमनबाईंनी नकारार्थी मान हलवली. "मामांनी पास केल्याली हाय, सर. माझंच कायतरी वापरायला चुकलं असंल. त्यांना नका सांगू, त्यांना वाईट वाटंल."

हे ऐकून मला अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मारोतरावांना प्रयोगशाळेत बोलावलं. म्हटलं, एक नवा प्रयोग आहे. मोबाइलवर मी ध्वनीच्या वेगवेगळ्या पट्ट्या वाजवणार होतो. ऐकू आलं की त्यांनी बोट वर करायचं. खालच्या पट्ट्यांना बोट लगेच वर जात होतं. मी वर वर चढवत गेलो. एका ठिकाणी बोट खालीच राहिलं. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. तो सूर इतका तीक्ष्ण होता की माझे दात शिवशिवू लागले, व्हरांड्यातून जाणारी दोन पोरं कानावर हात ठेवून डोकावली. मारोतराव डोळे मिटून, शांतपणे हसत, बोट तयार ठेवून बसले होते.

"लावा की, सर," ते म्हणाले.

मी मोबाइल बंद केला. त्यांना डोळे उघडायला सांगितलं आणि सगळं सांगून टाकलं. चक्कीचं, डब्यांचं, सुमनबाई काय म्हणाल्या तेही. माणसाच्या कानातून वरच्या पट्ट्या आधी जातात आणि जाताना कळत नाही, हेही सांगितलं. मग मला बोलावंच लागलं. "मारोतराव, त्या दिवशी ती कुई मला ऐकू आली होती."

"मग बोलले कामून न्हाई?"

"तुम्ही पास केली म्हणून."

त्यांना कान गेल्याचं दुःख झालं असेलच, पण ते बोलले दुसरंच. "हे लई वाईट झालं, सर. माझ्या नावानं तुमचा बी कान बंद झाला. सुमनचा बी झाला. अजून कितीकांचा झाला आसंल."

मी सुचवलं की आपण कंपनीकडे तक्रार करू, गाजावाजा कशाला. किंवा मी थोडे पैसे घालतो, तुम्ही थोडे घाला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पारखी माघारी जात नसतो," असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. ते म्हणाले, "उद्या दुकानात गिऱ्हाईक कधी जास्त असतंय?"

सुट्टीचा दिवस होता, दुकान भरलेलं. त्यांना बघून बालाजीशेठनी सवयीने पंखा बंद केला, टीव्ही बंद केले. सगळं गप्प झालं. मारोतराव मधोमध उभे राहिले आणि मोठ्याने बोलू लागले. कमी ऐकणारा माणूस बोलतो तसं, नको तितक्या मोठ्याने.

"बालाजीशेठ, सुमनची चक्की मी पास केली. ती खराब हाय. मी माघारी आलोय."

"मारोतराव, आत बसून बोलू," बालाजीशेठ हळूच म्हणाले.

मारोतरावांना ते ऐकू आलं नाही. मी कानाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "आत बसून पास केली नव्हती. हितंच केली होती." मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "माझा कान गेलाय. इथून पुढं माझ्या नावावर कुणी कायबी घेऊ नका, कुणी देऊ नका."

बालाजीशेठनी त्याच दिवशी चक्की बदलून दिली. कंपनीशी काय करायचं ते बघू, म्हणाले. नवी चक्की त्यांनी मारोतरावांपुढे सुरू केली नाही, तशीच खोक्यात रिक्षात चढवली. मला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

त्यानंतर त्यांना न्यायला कुणी येईना. त्यांनीच सांगितलं होतं ना. सायकल मात्र सुटली नाही. मागून येणारं ऐकू येत नाही म्हणून त्यांनी मोटारसायकलचे दोन मोठे आरसे हँडलला बसवून घेतले आणि काकूंना शांत केलं. मी कानाच्या मशीनचा विषय काढत राहिलो. लातूरला माझ्या मावसभावाच्या ओळखीचं एक केंद्र होतं. शेवटी ते म्हणाले, "चला. पण आता तुमी माझ्यासंगं खरेदीला यायचं."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने मारोतराव, काकू आणि मी असे तिघं लातूरला गेलो. माळेगाव आलं तसं त्यांनी खिडकीतून बैलबाजाराचं माळरान दाखवलं. तिथेच त्यांच्या वडलांनी एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक जोडी थांबवून थांबवून पाहिली होती आणि शेवटी नापास केली होती.

केंद्रातल्या मुलीने तपासणी केली आणि दोन मशीनं पुढे ठेवली. एक साधं, एक भारी. भारी मशीनबद्दल ती उत्साहाने सांगू लागली, "काका, हे फार हुशार आहे. पंख्याचा, गाडीचा, मोटारीचा घर्र आवाज ते आपोआप काढून टाकतं. फक्त माणसाचं बोलणं पुढे आणतं."

"आन मला मोटारच ऐकायची आसंल तर?"

ती हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मारोतरावांनी आधी साधं मशीन कानात घातलं, टेबलावरचा पंखा लावायला सांगितला, थांबवायला सांगितला. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. "येतंय," ते म्हणाले. "समदं न्हाई, पण थोडं येतंय." पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा थांबवायला. पाच-सहा वेळा तरी. मागे बसलेल्या काकू मधेच काहीतरी बोलल्या. त्यांनी सवयीने "हाव" म्हटलं.

मग त्यांनी भारी मशीन घातलं. पंखा सुरू होता, पण त्यांचा चेहरा कोरा. मोटार त्यांच्यापुरती नाहीशी झाली होती. एवढ्यात ते दचकून मागे वळले. "काय म्हणलीस?"

"म्हणलं, जाताना अहमदपूरला उतरून बहिणीकडं जाऊन येऊ का."

"हे कधीपासून म्हणून राहिलीस?"

"दोन वर्सं झाली. तुमी हाव म्हणता आन उतरत न्हाई."

मारोतरावांनी दोन्ही मशीनं हातात घेतली. कुठलं घ्यावं, हे त्यांनी मला विचारलं नाही. भारी मशीन मुलीपुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे बांधा." परतीच्या वाटेत ते दोघं अहमदपूरला उतरले. मी एकटाच नांदेडला आलो.

पुढल्या वर्षी संस्थेने माझी बदली लातूरच्या शाळेत केली. सामान बांधायच्या गडबडीत घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या पावतीवर शिक्का घ्यायला मी बालाजीशेठकडे गेलो, तर दुकान गप्प झालेलं. टीव्ही बंद, पंखा बंद. आत मारोतराव उभे होते, आणि शेजारी सुमनबाई. त्यांची पिठाची चक्की चालली होती, आता त्यांना मिरची-मसाला दळायचं यंत्र घ्यायचं होतं.

"किती येळा सांगितलं हिला," मारोतराव मला म्हणाले, "माझा कान न्हाई ऱ्हायला. ऐकतच न्हाई."

"कानाला कोण नेऊन राहिलंय, मामा," सुमनबाई म्हणाल्या. "तुमी नुसते हुबे ऱ्हावा."

बालाजीशेठनी यंत्र सुरू केलं आणि थांबवलं. मारोतराव खाली बसले नाहीत. ते बालाजीशेठच्या तोंडाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सांगा."

बालाजीशेठनी इकडे तिकडे पाहिलं. गिऱ्हाइकं बघत होती. मग तो जाडजूड माणूस गल्ल्याच्या आधाराने कसाबसा उकिडवा बसला. त्यांनी आपल्याच दुकानातल्या यंत्राला कान लावला आणि डोळे मिटले. यंत्र पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. ते खूप वेळ तसेच बसले होते.

"हे नको, मारोतराव," ते उठत म्हणाले. "दुसरं फोडतो."

दुसऱ्यालाही त्यांनी तसाच कान लावला आणि तेही बाजूला सरकवलं. तिसऱ्याला म्हणाले, "हे न्या."

पहिल्या दोघांत काय ऐकू आलं, हे विचारायला माझी जीभ शिवशिवत होती. मारोतरावांनी मात्र ते एकदाही विचारलं नाही. ते सुमनबाईंकडे वळले आणि म्हणाले, "उचल."